गुलाबी कांदा आणि काळे वाटण

मराठी समीक्षेने पाककृतींच्या पुस्तकाला साहित्याच्या ओसरीवरदेखील कधी बसू दिलेले नाही. कथा, कादंबरी, कविता, नाटक, फार तर आत्मचरित्र, एवढाच समीक्षेचा गोतावळा. स्वयंपाकाचे पुस्तक म्हणजे बायकांचा व्यवहार; त्याची समीक्षा ती काय करावयाची, असा एकंदर समज आहे. परंतु पांढरपेशा मराठी घरात एकही कवितासंग्रह नसला तरी स्वयंपाकाचे एक पुस्तक बहुधा असते. ते लेकीला लग्नात दिले जाते, त्याच्या पानांवर हळदीचे डाग पडतात, आणि पुढच्या पिढीकडे ते डागांसकट जाते. इतक्या घरांत इतकी वर्षे वाचले जाणारे पुस्तक केवळ पदार्थ शिकवीत नाही. काय चांगले, काय वाईट, काय शुद्ध, काय बिघडलेले, याची मूल्येही ते शिकवीत असते. म्हणून ते समीक्षेच्या कक्षेत यावयास हवे.

लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्र’पासून कमलाबाई ओगल्यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’पर्यंत आणि त्यानंतरच्या शेकडो पुस्तकांपर्यंत या वाङ्मयाची एक परंपरा आहे. या परंपरेत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो: तेलात कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा. पुढे गरजेप्रमाणे गुलाबीचे तांबूस होते, बदामी होते, खरपूस होते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढे एकच वाक्य आहे. ज्याला आता शहरी हॉटेलांच्या जेवणपत्रिकेत ‘कॅरमलाईज्ड’ म्हणतात तो, सावकाश आचेवर तपकिरी आणि गोड होईपर्यंत शिजवलेला कांदा, घरी कसा होतो, कोण करते, आणि त्याविषयी कोण लिहिते, हे तीन प्रश्न या वाक्याला विचारावयाचे आहेत.

प्रथम व्याकरण पाहू. ‘कांदा परतावा’ हा विध्यर्थ आहे, प्रयोग कर्मणी आहे. कांदा हे कर्म वाक्यात ठळक आहे, कर्ता गायब आहे. कोणी परतावा? सासूने, सुनेने, मोलकरणीने, की घरधन्याने? वाक्य सांगत नाही. आज्ञा आहे, पण आज्ञा ऐकणाऱ्या माणसाला नाव नाही. मराठीतील सगळ्या पाककृती या प्रयोगात लिहिल्या जातात म्हणून आपल्याला त्यात काही खटकत नाही. परंतु राबणारा माणूस वाक्यातून वगळण्याची सवय भाषेला कोठून लागते, याचा विचार दलित साहित्याच्या अभ्यासकाने करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

दुसरी गोष्ट वेळेची. कांदा परतून तपकिरी होण्यास किती वेळ लागतो हे बहुतेक पाककृती सांगत नाहीत. सांगितला तर पाच-दहा मिनिटांचा हिशेब देतात. हा हिशेब खोटा आहे, आणि तो खोटा का आहे हे समजण्यास थोडे विज्ञान लागते.

कांद्यात शेकडा ८९च्या आसपास पाणी असते. साखर शेकडा चार-पाच. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली नेहमीची साखर अशा तीन रूपांत ती असते. कच्च्या कांद्याचा तिखट झोंबरेपणा गंधकाच्या संयुगांमुळे येतो आणि तो या गोडीला झाकून टाकतो. कांदा तापू लागला की तिखटपणा उडून जातो, पेशी फुटतात, पाणी बाहेर येते. जोपर्यंत हे पाणी भांड्यात आहे तोपर्यंत उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या वर फारशी चढत नाही. सगळी आच पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. पाणी आटले की उष्णता वर सरकते आणि मग खरा रंग येऊ लागतो. साखर आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यात जी क्रिया होते तिला लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचे नाव आहे. त्याने १९१२ साली ती मांडली. कांद्याचा तपकिरीपणा मुख्यतः या क्रियेचा, आणि काही प्रमाणात साखर स्वतः जळून तांबूस होण्याचा.

या सर्वांस मंद आचेवर पाऊण तास लागतो. ज्याला घरी करावयाचे आहे त्याने जाड बुडाचे भांडे घ्यावे, किलोभर कांदा उभा आणि सारखा चिरावा, दोन-तीन पळ्या तेल घालावे, चिमूटभर मीठ टाकावे म्हणजे पाणी लवकर सुटते. आच बारीक ठेवावी. पहिली वीस मिनिटे कांदा नुसता मऊ आणि पाणचट होतो. तेथे धीर सोडून आच मोठी केली की कडा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो. पुढे बुडाला तपकिरी थर धरू लागला की चमचाभर पाण्याचा शिपका देऊन तो खरवडून कांद्यातच मिसळावा, आणि असे चार-पाच वेळा करावे. घाईच असेल तर खाण्याच्या सोड्याची अगदी लहान चिमूट घालतात. क्षारामुळे रंगाची क्रिया वेगाने होते, मात्र जास्त झाला तर कांद्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते. शेवटी किलोभर कांद्याचा जेमतेम पाव किलो ऐवज उरतो. तो काचेच्या बरणीत घालून थंड कपाटात ठेवला तर चार-सहा दिवस कालवणात वापरता येतो.

म्हणजे या एका साध्या वाक्याआड तीन गोष्टी उभ्या आहेत: तेल, सरपण आणि वेळ. पांढरपेशा स्वयंपाकघरात या तिन्ही गोष्टी गृहीत आहेत, म्हणून वाक्यात त्यांचा उच्चार नाही. ज्या घरात त्या गृहीत नाहीत त्या घरात हे वाक्य कसे वाचले जाते?

मी ज्या मुळशी तालुक्यात शिकवितो तेथील उदाहरण घेतो. मुळशी हा भाताचा मुलूख. उतारावर नाचणी आणि वरई, खाचरात भात. कांदा येथे फारसा पिकत नाही. तो खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडून येतो आणि विकत घ्यावा लागतो. त्याच खेड तालुक्यातील चाकणला १९८० साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांद्याच्या भावासाठी आंदोलन केले. तेव्हापासून कांद्याच्या राजकारणात दोन आवाज ऐकू येतात, पिकविणाऱ्याचा आणि शहरात विकत घेणाऱ्याचा. रोजंदारीने वाकून कांदा काढणारी, पात कापणारी आणि संध्याकाळी मजुरीतून अर्धा किलो कांदा विकत नेणारी बाई या दोन्ही आवाजांत नाही. भाव पडला तर तिची मजुरी पडते, भाव चढला तर तिचे कालवण पातळ होते.

तेलाची गोष्ट याहून अवघड. बौद्धवाड्यात, मातंगवस्तीत, कातकरवाडीत तेल हे आठवड्याच्या बाजारातून बाटलीत मोजून यायचे. फोडणीपुरते तेल, तेही सणाला किंवा पाहुण्याला. पाव किलो कांदा तेलात बुडवून पाऊण तास परतणे ही त्या घरात कल्पनेबाहेरची चैन होती.

आणि सरपण? येथे मुळशीच्या इतिहासाकडे वळावेच लागते. १९२१ ते १९२४ या काळात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे नेते. सत्याग्रह हरला, धरण झाले, मावळातील गावे पाण्याखाली गेली. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन वीज तयार झाली आणि ती मुंबईकडे गेली. ज्या डोंगरांच्या पाण्यावर मुंबईचे दिवे पेटले, त्याच डोंगरांत बायका पुढची कित्येक दशके काटक्या वेचून चूल पेटवीत राहिल्या. येथला पाऊस चार महिने कोसळतो. ओले सरपण, धुराने भरलेले खोपट आणि फुंकणीने फुंकून लाल झालेले डोळे, ही मुळशीच्या चुलीची पावसाळी अवस्था. ज्या बाईला भाकरीपुरता जाळ पुरवता पुरत नाही तिने कांद्यासाठी वेगळा पाऊण तास जाळ कोठून आणावा?

तरीही तिच्या कालवणात तपकिरी, गोड, धुरकट कांदा होता. तो कसा, हे पाहण्याजोगे आहे.

भाकऱ्या झाल्या की चुलीत निखारे उरतात. जाळ संपलेला असतो, धग शिल्लक असते. त्या फुफाट्यात अख्खा कांदा सालीसकट खुपसून ठेवायचा. सालीचे बाहेरचे पापुद्रे जळून कोळसा होतात आणि तेच कवच बनतात. आतले पाणी बाहेर पळू शकत नाही, त्याची वाफ आतल्या आत कांदा शिजविते. कवचालगतच्या पाकळ्यांना ती तपकिरी, साखर जळल्याची चव येते. गाभा मऊ आणि गोड होतो. मधे एकदा चिमट्याने उलटायचा. बोटाने दाबून कांदा दबला की झाला. मग वरची राख झटकायची, अगदी काळे पापुद्रे काढायचे, पण सगळे नाही. एखाददुसरा करपलेला पापुद्रा मुद्दाम ठेवायचा. निखाऱ्यावर भाजलेला खोबऱ्याचा तुकडा असला तर तो, लसूण, मिरची, मीठ, आणि पाट्यावर वरवंट्याने बारीक वाटण. खोबरे नसले तर मूठभर भाजलेली डाळ किंवा शिळ्या भाकरीचा चुरा दाटपणाला. या काळ्या वाटणावर एक तांब्याभर पाणी ओतले तरी त्याला कालवणाची चव राहते.

या कृतीत तेल शून्य आहे. वेगळे सरपण शून्य आहे. भाकरीसाठी पेटविलेल्या जाळाची उरलेली धग दुसऱ्यांदा कामाला लावलेली आहे. बाईचा वेळही वाचला आहे, कारण कांदा फुफाट्यात असताना ती पाणी भरते, पोराला घेते, लोटते. ज्या रसायनासाठी पांढरपेशा स्वयंपाकघराला तेल, गॅस आणि पाऊण तास उभे राहणारे माणूस लागते, ते रसायन येथे राख आणि साल यांच्या साह्याने साधले आहे. याला ज्ञान म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? हे ज्ञान कोणत्या पुस्तकात नव्हते आणि कोणत्या शाळेत शिकविले जात नव्हते. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे ते हाताने गेले.

येथे एक खुलासा करावयास हवा. भाजलेल्या कांद्याचे वाटण ही एका जातीची मालमत्ता नाही. मराठा, कुणबी, माळी, धनगर, आगरी, कायस्थ प्रभू, सारस्वत अशा अनेक घरांत भाजल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आहे. आमच्या बायकांनी ते शोधले आणि इतरांनी पळविले असा दावा मी करीत नाही. असा दावा टिकणार नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही. माझा मुद्दा निराळा आहे. एकाच कृतीला एका घरात पाककला म्हणतात आणि दुसऱ्या घरात तिची गणना दारिद्र्याच्या खुणांत होते. हा फरक कांद्यात नाही, तो पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि त्या नजरेला इतिहास आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाने लसूण, कांदा आणि अळंबी द्विजांना वर्ज्य ठरविली आणि जाणूनबुजून खाणारा पतित होतो असा निर्वाळा दिला. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियान या चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे की, मध्यदेशात लोक प्राणी मारीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद फक्त चांडाळांचा, आणि हे चांडाळ वस्तीबाहेर राहतात. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात ही साक्ष तपासली आहे. चांडाळ म्हणजेच अस्पृश्य असे सोपे समीकरण त्यांनी स्वीकारले नाही, आणि अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी बौद्धांविषयीच्या द्वेषात आणि गोमांसाच्या प्रश्नात शोधले, कांद्यात नव्हे. हे भान ठेवूनही एवढे म्हणता येते की, कांद्याचा वास आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांची सांगड या देशात फार जुनी आहे. नंतर द्विजांच्या बहुतेक घरांत कांदा शिरला. मात्र तो पूर्ण पावन झाला नाही. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे पोटभर खायची आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मासात कांदा सोडायचा, ही तडजोड कित्येक घरांत आजही आहे. वर्षातून चार महिने सोडता येतो तो कांदा चवीचा. ज्याच्या भाकरीबरोबर कांदा हेच कालवण आहे, त्याने चातुर्मासात काय सोडावयाचे?

‘गुलाबी’ आणि ‘काळे’ या दोन शब्दांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. प्रमाण पाकशास्त्रात कांद्याचा आदर्श रंग गुलाबी. तांबूस, बदामी येथपर्यंत परवानगी. त्यापुढे ‘करपला’ हा शब्द येतो आणि करपणे म्हणजे बिघडणे. फुफाट्यातील कांद्याच्या शास्त्रात करपणे हा दोष नाही, ती पायरी आहे. बाहेरून करपल्याशिवाय तो आतून गोड होत नाही. किती करपू द्यायचे, कोठे थांबायचे, कोणता पापुद्रा टाकायचा आणि कोणता ठेवायचा, हा तेथला विवेक आहे. जास्त ठेवला तर वाटण कडू होते; सगळे काढले तर फिके पडते. म्हणजे तेथेही नियम आहेत, निकष आहेत, चुकणे आहे आणि जमणे आहे. दलित साहित्याला पहिल्या पिढीत ‘भडक’, ‘ओबडधोबड’, ‘कलात्मकतेचा अभाव’ असे शेरे मिळाले तेव्हा आपण हेच उत्तर दिले होते की, आमचे निकष वेगळे आहेत, तुमच्या निकषांवर आमचे लेखन बिघडलेले दिसणारच. हे उत्तर आपण कवितेपुरते दिले. चुलीपुरते द्यावयाचे राहून गेले.

ते का राहिले, याचे उत्तर आपल्याच समीक्षेत शोधावे लागेल.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. पाठोपाठ लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग १९८६ साली पुस्तकरूपाने आले. या सगळ्या लेखनात अन्न जागोजाग आहे. मेलेल्या ढोराचे वाटे, मागून आणलेले शिळे तुकडे, निवडुंगाची बोंडे, बाळंतिणीचे उपाशी पोट. आपल्या समीक्षेने या सगळ्याला एक नाव दिले: भूक. ते नाव योग्यच होते. ज्या समाजाने आपली भूक कधी साहित्यात येऊ दिली नाही त्याच्यासमोर ती मांडणे हे पहिले काम होते.

परंतु पुढे ते एकच नाव पाठ झाले. वर्गात ‘जिणं आमुचं’ शिकविताना आणि उत्तरपत्रिका तपासताना मला हे दर वर्षी दिसते. अन्नाचा प्रसंग आला की विद्यार्थी ‘भूक, अपमान, विद्रोह’ अशी तीन उपशीर्षके लिहून मोकळा होतो. त्याच पुस्तकात पहाटेच्या काळोखात उठविलेल्या कोवळ्या सुना आहेत. त्या दळतात, भाकऱ्यांच्या चवडी थापतात आणि भाकरी जमली नाही म्हणून सासूचा मार खातात. तेथे फक्त भूक नाही. तेथे श्रम आहेत, कौशल्य आहे, कौशल्याची क्रूर परीक्षा आहे आणि घरातल्या घरातली सत्ता आहे. हे विद्यार्थ्याला दिसत नाही, कारण आपण शिक्षकांनी आणि आपल्या संदर्भग्रंथांनी ते दाखविलेले नाही.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ची (२००३) गोष्ट घ्या. आईचे बांबूचे विणकाम आणि लेकीचे लिहिणे यांचे नाते लेखिकेनेच सांगितले, म्हणून समीक्षकांनी ते उचलले आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. विणकामाला कसब म्हणणे आपल्याला जड गेले नाही, कारण आयदान बाजारात विकले जाते, त्याला मोल येते. कालवण विकले जात नाही. ते घरातच संपते. ज्याला बाजारात मोल नाही त्याला कसब म्हणावयाचे नाही, हा निकष कोणाचा? तो आंबेडकरी चळवळीचा निकष असू शकत नाही.

या दिशेने काही काम झालेले आहे आणि त्याची नोंद घेतली पाहिजे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर एक इंग्रजी पुस्तिका सिद्ध केली. ही थाळी भारतीय नाही काय, असा सवाल तिच्या नावातच आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. जेवणाआधी म्हणावयाच्या श्लोकातील कल्पना शीर्षकातच उलटी करून पाटोळे यांनी मराठवाड्यातील महार-मांगांच्या पदार्थांची कृतींसह नोंद केली. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. भूक हा एकच शब्द पुरेसा नाही हे या दोन्ही पुस्तकांनी दाखवून दिले. दुःख एवढेच की, आपल्या वाङ्मयीन चर्चासत्रांत अशा पुस्तकांना समाजशास्त्राच्या सत्रात ढकलले जाते. साहित्याच्या सत्रात पुन्हा वेदना, नकार, विद्रोह यांचीच आवर्तने.

समीक्षा स्वस्थ बसली असताना बाजार मात्र स्वस्थ बसलेला नाही. पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागले की पिरंगुटच्या पुढे पाट्या सुरू होतात: चुलीवरचे जेवण, गावरान कोंबडी, काळा रस्सा. शनिवार-रविवारी शहरातून मोटारी येतात. बाहेर सारवलेली शोभेची चूल असते, आत मोठे शेगडे आणि गॅस असतात. कांदा भाजण्याचे काम जवळपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया रोजंदारीवर करतात. फुफाट्याचा जो करपट वास एके काळी वस्तीची निशाणी होता, तो आता चव म्हणून विकला जातो. माणसे पैसे देऊन त्यासाठी येतात याचे मला वाईट वाटत नाही. आपल्या बायांना त्यातून रोज मिळतो. परंतु पाटीवर मालकाचे आडनाव असते, गावाचे नाव असते, कधी आजीचे चित्र असते. कांदा भाजणारीचे नाव नसते. पाककृतीच्या वाक्यातून कर्ता जसा गायब होतो तसाच तो पाटीवरूनही होतो.

आणि नाव विचारले गेलेच, तर ते कशासाठी विचारले जाते हेही पुण्याने दाखविले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यातील एका उच्चपदस्थ महिला शास्त्रज्ञाने पोलिसांत फिर्याद दिली की, आपल्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपविली, ती ब्राह्मण नसून मराठा निघाली. सर्वत्र निषेध झाला, पुढे तक्रार मागे घेतली गेली. ती बाई दलितही नव्हती, हे लक्षात घ्यावे. मराठा स्त्रीच्या हाताची ही कथा, तर आमच्या बायांच्या हाताची काय असेल? एका जागी हात जेवणाला चालतो पण नाव चालत नाही. दुसऱ्या जागी नाव कळले की हातही चालत नाही. या दोन्हींच्या मधे कोठेतरी ती स्वयंपाकीण म्हणून, जाणकार म्हणून उभी राहिली पाहिजे. तिला तेथे उभे करणे हे समीक्षेचे काम आहे, कारण समीक्षा म्हणजे शेवटी नावे देणे आणि निकष ठरविणेच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. दारिद्र्यातून आलेल्या युक्त्यांना ज्ञान म्हणून गौरविणे म्हणजे दारिद्र्याचा गौरव करणे नव्हे काय? आमच्या आयांनी धुरात डोळे घालविले; आता त्या धुराला ‘परंपरा’ म्हणावयाचे काय? उत्तर स्पष्ट आहे. चुलीचा गौरव करावयाचा नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून सिलिंडर पुष्कळ घरांत गेला, पण तो पुन्हा भरून आणणे परवडत नाही म्हणून चुली आजही विझलेल्या नाहीत, आणि त्या विझल्याच पाहिजेत. जिला पाटा-वरवंटा टाकून मिक्सर घ्यावयाचा आहे तिने तो जरूर घ्यावा. गॅसच्या ज्वाळेवर जाळी ठेवून अख्खा कांदा चारी बाजूंनी करपवला, मग बारीक आचेच्या तव्यावर झाकून पंधरा-वीस मिनिटे ठेवला, की फुफाट्याच्या जवळ जाणारी चव येते. आपल्या लेकी-सुना आता असेच करतात. ज्ञान चुलीत नव्हते, चुलीपाशी बसलेल्या बाईत होते. म्हणून चूल गेली तरी ते राहते. गौरव करावयाचा तो तिचा, तिच्या सक्तीचा नव्हे. बाबासाहेबांनी खेड्याच्या भाबड्या कौतुकापासून आपल्याला सावध केले ते याचसाठी. हॉटेलच्या पाटीवरची चूल आणि सक्तीची चूल यांतला फरक आपण विसरलो, तर आपणही त्या मोटारीतल्या गिऱ्हाइकांच्या रांगेत जाऊन बसू.

दुसरा प्रश्न बाहेरच्यांना नाही, आपल्यालाच आहे. १४ एप्रिलला वस्तीत कार्यक्रम होतो. मंडपात वक्ते असतात, विचार असतो, स्त्रीमुक्तीवर आणि हिंदू कोड बिलावर भाषणे होतात. मंडपाच्या मागे मोठ्या पातेल्यांशी बाया कांदे चिरीत, भाजीत, वाटण वाटीत बसलेल्या असतात. भाषण त्यांच्या कानावर येते ते ध्वनिक्षेपकाच्या पाठीमागून. जेवणे झाल्यावर आभारप्रदर्शनात ‘महिला मंडळाने भोजनाची व्यवस्था पाहिली’ एवढे एक वाक्य येते. पाककृतीतल्या वाक्याप्रमाणे त्यातही कोणाचे नाव नसते. मग पांढरपेशांच्या ‘परतावा’ला दोष देण्याचा आपला अधिकार किती उरतो? दलित पुरुषाने भूक लिहिली, कारण ती त्याने भोगली. त्या भुकेतून कालवण उभे करणाऱ्या हाताविषयी त्याने कमी लिहिले, कारण ते हात त्याने गृहीत धरले होते. हे कठोर वाटेल, परंतु म्हणावे लागेल.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या सूचना मोठ्या नाहीत. आत्मकथनातील अन्नाचा प्रसंग शिकविताना भुकेच्या जोडीला आणखी चार प्रश्न वर्गात विचारावेत: सरपण कोठून आले, वेळ कोणाचा गेला, कृती कोणी कोणाकडून शिकली, आणि पानावर आधी कोण बसले. ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या आईची, आजीची, मावशीची एकेक कृती लिहून आणावी. तेलाच्या मापासह, लाकडाच्या जातीसह, लागणाऱ्या वेळेसह, आणि सांगणारीच्या परवानगीने तिच्या नावासह. लिहिताना ‘कांदा भाजावा’ असे न लिहिता ‘आई कांदा भाजते’ असे लिहावे. एवढ्या एका बदलाने वाक्यात कर्ता परत येतो. नियतकालिकांनी अशा नोंदींना पाने द्यावीत, आणि ती पाने ‘महिलांसाठी’ म्हणून वेगळी काढू नयेत.

आणि पुढच्या १४ एप्रिलला कांदे चिरण्याचे काम आपण पुरुषांनी घ्यावे. कांदा सारखा चिरणे, आच सांभाळणे, किती करपू द्यायचे ते ओळखणे हे सहजी जमणारे काम नाही. ते शिकण्यासाठी ज्यांच्याकडे जावे लागेल त्यांना तोवर मंडपात, पुढच्या रांगेत बसू द्यावे.